मांडवीच्या मुखापासून गांजे गावापर्यंत: पायटॉर्च जिओमेट्रिकमधील दूरपल्ल्याच्या साधनांचे परीक्षण

पायटॉर्च जिओमेट्रिक ही ग्राफ न्यूरल नेटवर्क, म्हणजे बिंदू आणि त्यांच्यातील जोडण्या अशा मांडणीवरून (ग्राफवरून) शिकणारी नेटवर्के, पायटॉर्च या यंत्रशिक्षणाच्या प्रणालीवर बांधण्यासाठीची मुक्त आणि विनाशुल्क प्रणाली मथायस फाय आणि यान एरिक लेन्सन या जर्मनीतील डॉर्टमुंडच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी 2019 मध्ये जगासमोर आणली आणि आज या विषयात काम करणाऱ्या बहुतेकांच्या संगणकावर ती असते. तिच्या सर्व अंगांचे परीक्षण करण्याचा माझा हेतू नाही. ग्राफच्या एका टोकाला घडलेली गोष्ट दुसऱ्या टोकाच्या बिंदूला कळावी यासाठी तिच्यात जी साधने दिलेली आहेत, ती प्रत्यक्ष कामात कितपत उपयोगी पडतात, एवढ्याच प्रश्नापुरते हे लेखन मर्यादित आहे. मी गोव्यातील फोंडा तालुक्यातील एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांबरोबर वर्षभर याच प्रश्नावर काम केल्यानंतर हे लिहीत आहे.

प्रश्न आम्हाला नदीमुळे पडला. मांडवीच्या मुखाशी समुद्राची भरती साधारण दोन मीटरपर्यंत चढते आणि तिचा परिणाम आत सुमारे 50 किलोमीटरवर, गांजे या गावापर्यंत जाणवतो. पावसाळ्यात मात्र सत्तरीतल्या डोंगरांवरचे पाणी खाली लोटत येते आणि तेच नदीची पातळी ठरवते. मधल्या पट्ट्यातल्या खाजन शेतीला, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या भातशेतीला, या दोन्ही गोष्टींशी कर्तव्य असते. माझ्या मामांचे खाजन दिवाडीला आहे. तेथील मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदाराची, लाकडी झापे भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर ढकलत उघडतात. झाप जुने होऊन त्याच्या फटीतून खारे पाणी पाझरू लागले की बांधालगतच्या वाफ्यातला भात आधी पिवळा पडतो, हे मी लहानपणापासून पाहिलेले आहे. तेव्हा नदीच्या प्रत्येक किलोमीटरवर एक बिंदू धरून, शेजारच्या बिंदूंना एकमेकांशी जोडून, मुखाशी असलेली भरती आणि उगमाकडचा पाऊस दिल्यावर मधल्या कोणत्याही बिंदूवरची पातळी सांगणारे नेटवर्क शिकवायचे असे आम्ही ठरवले. मोजमापांची सलग नोंद आमच्याकडे नव्हती, म्हणून प्रवाहाचा एक साधा एकमितीय आज्ञावलीसंच लिहून त्यातून कृत्रिम माहिती तयार केली. त्यामुळे पुढील मजकुरात मांडवीविषयी कोणताही शास्त्रीय निष्कर्ष नाही, जे आहे ते साधनांविषयी आहे.

अशा नेटवर्कमध्ये प्रत्येक थरात प्रत्येक बिंदू आपल्या शेजाऱ्यांकडून निरोप घेतो, त्यांची बेरीज किंवा सरासरी करतो आणि आपली स्थिती बदलतो. जस्टिन गिल्मर आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये रेणूंच्या संदर्भात या पद्धतीला जे एकत्रित रूप दिले तेच आजही पाया म्हणून चालते. एका थरात निरोप एकच पाऊल चालतो. म्हणजे 50 पावलांवरची बातमी यायची तर किमान 50 थर हवेत, आणि येथूनच अडचणीला सुरुवात होते. थर कमी ठेवले तर बातमी पोहोचतच नाही. थर वाढवले तर पुन्हा पुन्हा सरासरी काढल्याने सर्व बिंदूंची स्थिती सारखी होत जाते आणि पणजी कोणती व उसगाव कोणते हे नेटवर्कला ओळखता येईनासे होते. या दोन्ही अडचणी टाळल्या तरी तिसरी उरते. उरी अलोन आणि एरान याहाव यांनी 2020 मध्ये तिच्याकडे लक्ष वेधले आणि तिला ओव्हर-स्क्वॉशिंग असे नाव दिले. दूरवरून येणाऱ्या निरोपांची संख्या पावलागणिक गुणाकाराने वाढते, पण ते सामावून घेणारा सदिश, म्हणजे आकड्यांची यादी, मात्र ठरावीक लांबीचाच, समजा 64 आकड्यांचाच, राहतो. प्रत्येक बिंदूला दोन उपनद्या मिळतात असे धरले, तर दहा संगम ओलांडल्यावर 1,024 टोकांची हकिकत 64 आकड्यांत कोंबावी लागते. नदीच्या मुखाशी उभे राहून ओंजळीतल्या पाण्यात खांडेपार या उपनदीचे किती आणि म्हादईचे, म्हणजे मांडवीच्याच वरच्या प्रवाहाचे, किती हे सांगण्यासारखेच ते आहे.

हे अधिक नेमके समजावे म्हणून विद्यार्थ्यांकडून मी एक हिशेब कागदावर करून घेते. एक सरळ साखळी घ्यावी. थॉमस किप्फ आणि मॅक्स वेलिंग यांच्या जीसीएन (ग्राफ कन्व्होल्युशनल नेटवर्क) पद्धतीत प्रत्येक बिंदू स्वतःला आणि दोन शेजाऱ्यांना प्रत्येकी एक तृतीयांश वजन देतो. दहा पावलांवरच्या बिंदूची बातमी दहा थरांत एकाच वाटेने येऊ शकते, म्हणून तिचे वजन एक तृतीयांशाचा दहावा घात, म्हणजे 59,049 मध्ये एक भाग एवढे उरते. वीस पावलांवर तेच वजन सुमारे 348 कोटींत एक भाग होते. शिकताना नेटवर्क आपली गुणके वाढवून थोडी भरपाई करू शकते, पण रचनेमुळे होणारी ही घट इतकी तीव्र आहे की ती भरून काढायची तर गुणके आवाक्याबाहेर जातात. प्रणालीचा कोणताही भाग वापरण्याआधी हा हिशेब ज्याने स्वतः केला आहे, त्याला पुढची साधने कशासाठी आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही.

उभारणीविषयी थोडक्यात सांगते. पूर्वी या प्रणालीबरोबर दोन-तीन पूरक घटक आपापल्या पायटॉर्चच्या आवृत्तीशी जुळवून बसवावे लागत आणि प्रयोगशाळेतला अर्धा दिवस त्यात जाई. 2023 मधील 2.3 या आवृत्तीपासून केवळ पायटॉर्च असले तरी मूळ प्रणाली चालते. आमच्या जुन्या संगणकांवरही ती एका आज्ञेत बसली.

सर्वात आधी आम्ही वापरले ते व्हर्च्युअल नोड हे रूपांतर. ते ग्राफमध्ये एक काल्पनिक बिंदू घालते आणि त्याला बाकीच्या सर्व बिंदूंशी दोन्ही दिशांनी जोडते, त्यामुळे कोणतेही दोन बिंदू एकमेकांपासून दोनच पावलांवर येतात. लिहायला एक ओळ लागते आणि परिणाम लगेच दिसतो. परंतु येथेही हिशेब करून पाहावा. हजार बिंदूंच्या साखळीत मधल्या बिंदूला आता स्वतःसह चार जोडण्या होतात आणि काल्पनिक बिंदूला स्वतःसह 1,001. जीसीएनच्या वजनांनुसार एका बिंदूची बातमी काल्पनिक बिंदूमार्गे दुसऱ्यापर्यंत सुमारे 4,000 मध्ये एक भाग एवढ्या वजनाने पोहोचते, मग अंतर कितीही असो. याच ग्राफमध्ये शेजाऱ्यांच्या वाटेने जाणाऱ्या निरोपाचे वजन दर पावलाला एक चतुर्थांश होते आणि चारचा सहावा घात 4,096 आहे. म्हणजे साधारण सहा पावलांच्या आतली बातमी जुन्या वाटेनेच अधिक ठळक पोहोचते, त्यापलीकडे काल्पनिक बिंदूची वाट उजवी ठरते. त्या मोबदल्यात शेजाऱ्याच्या शब्दाचे वजन एक तृतीयांशावरून एक चतुर्थांशावर घसरले, हेही विसरता येत नाही. शिवाय हजार बिंदूंची बातमी एकाच सदिशातून जाते, तेव्हा जी चेंगराचेंगरी नदीच्या मुखाशी होत होती ती आता त्या एका बिंदूत होते. सर्वांना एकच सामायिक गोष्ट कळवायची असेल, उदाहरणार्थ आज मुखाशी भरती किती आहे, तर हे साधन उत्तम आहे. कोणाकडून कोणाला काय आले हे वेगळे ठेवायचे असेल तर ते पुरत नाही.

वापरणाऱ्यांनी दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात. हे रूपांतर नव्या जोडण्यांना वेगळा प्रकार-क्रमांक देते, पण साधा जीसीएन थर तो क्रमांक वाचत नाही, त्यामुळे खऱ्या आणि काल्पनिक जोडण्यांना तो एकच न्याय लावतो. त्यांच्यात भेद करायचा तर जोडणीचा प्रकार पाहणारा थर घ्यावा लागतो. दुसरे असे की काल्पनिक बिंदू यादीच्या शेवटी जाऊन बसतो, आणि प्रत्येक बिंदूसाठी उत्तर काढायचे असेल तर चूक मोजताना त्याला आठवणीने वगळावे लागते.

यानंतरचे आणि सर्वाधिक गाजलेले साधन म्हणजे जीपीएसकॉन्व्ह हा थर. 2022 मध्ये मांडल्या गेलेल्या ग्राफजीपीएस या आराखड्यावर तो आधारलेला आहे. त्यात शेजाऱ्यांकडून निरोप घेणारा एक थर आणि प्रत्येक बिंदूला प्रत्येक बिंदूकडे थेट पाहू देणारे अटेन्शन अशी दोन्ही कामे शेजारी शेजारी होतात आणि त्यांची उत्तरे एकत्र केली जातात. आतला निरोपाचा थर कोणता असावा हे आपण ठरवायचे, ही मोकळीक मला फार मोलाची वाटली, कारण वर्गात एकेक भाग काढून व घालून काय बदलते हे दाखवता येते. अंतराची अडचण येथे जवळजवळ नाहीशी होते, कारण नदीच्या मुखाजवळच्या आग्वादचा बिंदू गांज्याच्या बिंदूकडे एका थरात पाहू शकतो.

मात्र याच थराने आम्हाला तीन आठवडे फसवले आणि त्यात दोष आमच्याच हातून राहिला होता. अनेक दिवसांचे ग्राफ एकत्र शिकवताना कोणता बिंदू कोणत्या ग्राफचा आहे हे सांगणारी बॅच नावाची यादी या थराला द्यावी लागते. ती दिली नाही तर थर कोणतीही तक्रार न करता सर्व बिंदूंना एकाच ग्राफचे समजतो, आणि अटेन्शन एका दिवसाच्या बिंदूंना दुसऱ्या दिवसाच्या बिंदूंकडे पाहू देते. शिकवणीतली चूक सुंदर उतरत होती. चाचणीच्या वेळी एकेक दिवस वेगळा दिला की उत्तरे भरकटत. एका दुपारी एक विद्यार्थिनी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "मॅडम, बत्तीस दिवस एकत्र दिले तर उत्तर एक येते आणि तोच दिवस एकटा दिला तर वेगळे येते, हे बरोबर नाही ना?" तिच्या त्या प्रश्नामुळेच दोष सापडला. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: एकच ग्राफ आधी एकटा आणि नंतर इतरांसोबत नेटवर्कमधून काढायचा, आणि दोन्ही उत्तरे जुळल्याशिवाय शिकवणी सुरू करायची नाही. थरातील बॅच-नॉर्मलायझेशनमुळे (एकत्र दिलेल्या सर्वांच्या सरासरीवरून आकडे एका मापात आणण्याच्या क्रियेमुळे) शिकवणीच्या अवस्थेत आकडे तसेही बदलतात, म्हणून ही तपासणी चाचणीच्या अवस्थेत ठेवून करावी.

अटेन्शनची किंमत स्मृतीत मोजावी लागते. हजार बिंदूंच्या ग्राफमध्ये दहा लाख जोड्या होतात. प्रत्येक जोडीला चार बाइट, चार हेड (अटेन्शनच्या समांतर चालणाऱ्या प्रती) आणि एकावेळी 32 ग्राफ धरले तर एका थराच्या केवळ अटेन्शन-सारणीला 512 एमबी लागतात, आणि शिकताना मागे फिरण्यासाठी ठेवावी लागणारी माहिती त्यावर वेगळी. बिंदू दुप्पट केले की हा आकडा चौपट होतो. आमच्या प्रयोगशाळेतील यंत्रे येथे थांबली. भाड्याने घेतलेल्या एका संगणकीय सेवेवर काम नेले, तर रात्रभर चाललेली शिकवणी पहाटे तुटली आणि मधली स्थिती जतन न झाल्यामुळे पैसे वाया गेले. प्रणालीने याच थरात परफॉर्मर हा कमी स्मृतीचा पर्याय दिलेला आहे, ज्यात खर्च बिंदूंच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, त्या संख्येच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात वाढत नाही. उत्तर मात्र अंदाजाने काढलेले असते. मोठ्या ग्राफसाठी तो घ्यावाच लागतो, लहानांसाठी पूर्ण अटेन्शन ठेवावे.

अटेन्शनला बिंदूंची मांडणी माहीत नसते, म्हणून प्रत्येकाला ग्राफमधल्या त्याच्या जागेचा काही पत्ता जोडून द्यावा लागतो. त्यासाठी लॅप्लेशियनच्या (ग्राफच्या जोडण्यांवरून बनणाऱ्या सारणीच्या) आयगेन-सदिशांवर आधारलेले आणि यादृच्छिक भ्रमणावर, म्हणजे जोडण्यांवरून वाट्टेल तसे चालत राहण्यावर, आधारलेले अशी दोन रूपांतरे येथे आहेत. पहिल्यात सदिशाचे चिन्ह धन की ऋण हे गणिताने ठरत नाही, म्हणून रूपांतर ते सोडतीने ठरवते. हे काम माहिती साठवण्याआधी एकदाच करून ठेवले तर प्रत्येक ग्राफला एक चिन्ह कायमचे चिकटते आणि नेटवर्क त्यालाच अर्थ समजू लागते. आम्ही शिकवणीच्या प्रत्येक फेरीत चिन्हे नव्याने पालटतो. भ्रमणाच्या पत्त्यात ही भानगड नाही, पण लांब सरळ पात्रावरचे मधले बिंदू त्याला सारखेच दिसतात, आणि आमची नदी बरीचशी तशीच आहे.

आता ज्या उपायाने मला सर्वाधिक शिकवले त्याकडे वळते: ग्राफच्या जोडण्याच बदलणे. जेक टॉपिंग आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये दाखवले की चेंगराचेंगरी कोठे होते हे जोडणीच्या वक्रतेवरून ओळखता येते. जिची वक्रता अतिशय ऋण ती जोडणी म्हणजे अरुंद पूल. तिच्या आजूबाजूला नव्या जोडण्या घालाव्यात, असा त्यांचा मार्ग आहे. फांद्यांसारख्या, कोठेही चक्र नसलेल्या ग्राफमध्ये त्यांचे सूत्र अगदी साधे होते: दोन टोकांच्या जोडण्यांच्या संख्यांनी दोनाला भागून येणाऱ्या आकड्यांच्या बेरजेतून दोन वजा करायचे. संगमाला तीन जोडण्या आणि शेजाऱ्याला दोन असतील तर वक्रता उणे एक तृतीयांश येते, दोन संगम लागून असतील तर उणे दोन तृतीयांश. पण सरळ पात्रातल्या दोन बिंदूंमध्ये ती शून्य येते. याचा अर्थ असा की खांडेपार नदी मांडवीला मिळते तेथे हा मापक बोट ठेवतो, मात्र वीस किलोमीटरच्या सरळ पात्रात त्याला काहीच वावगे दिसत नाही. आणि वर पाहिलेली 348 कोटींत एक भाग ही घट तर त्या सरळ पात्रातच होते. वक्रता चेंगराचेंगरीची जागा दाखवते, निव्वळ लांबीचे दुखणे दाखवत नाही, हे मला कोणत्याही वर्णनातून इतके स्पष्ट झाले नव्हते जितके नदीचा ग्राफ हाताने मांडल्यावर झाले.

लांबीसाठी दुसरा मापक आहे तो विद्युतरोधाचा. प्रत्येक जोडणी एक ओहमची तार मानायची आणि दोन बिंदूंमधला परिणामी रोध काढायचा. जितका रोध जास्त तितकी त्यांच्यात माहिती कमी पोहोचते, हा संबंध 2023 मधील एकाहून अधिक अभ्यासांनी सिद्ध केला आहे. चक्र नसलेल्या ग्राफमध्ये रोध म्हणजे थेट अंतर: 50 पावले, 50 ओहम. पण एखादी समांतर वाट मिळाली की रोध झपाट्याने उतरतो. वीस-वीस पावलांच्या दोन वाटा असतील तर वीसचे दहा होतात. गोव्यात अशी समांतर वाट मुळातच आहे. कुंभारजुवे कालवा मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना आतल्या बाजूने जोडतो, आणि बाणस्तारीच्या पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाने तो पाहिलेला असतो. आमच्या पहिल्या ग्राफमध्ये आम्ही तो गाळला होता. दोन्ही नद्या तेव्हा केवळ समुद्राच्या एका बिंदूने जोडल्या गेल्या होत्या. कालव्याचे बिंदू घातल्याबरोबर मधल्या पट्ट्यातली उत्तरे सुधारली, आणि त्यासाठी अटेन्शन लागले नाही, काल्पनिक बिंदू लागला नाही, थरही वाढवावे लागले नाहीत. जोडणी बदलण्याचे अल्गोरिदम जे शोधतात ते कित्येकदा प्रत्यक्षात आधीच असते आणि आपणच ते ग्राफमध्ये मांडायचे विसरलेलो असतो. हेच वीजवाहिन्यांच्या, रस्त्यांच्या किंवा रेणूंच्या ग्राफबाबत तितकेच खरे असावे असे मला वाटते, म्हणून नवा उपाय शोधण्याआधी मूळ नकाशा पुन्हा पाहण्याचा आग्रह मी धरते.

प्रणालीत यासाठी दोन पावलांवरच्या बिंदूंना थेट जोडणारे टूहॉप आणि ग्राफवरील प्रसारावर (डिफ्यूजन) आधारित जीडीसी अशी तयार रूपांतरे आहेत. टूहॉप आमच्यासारख्या विरळ ग्राफवर नीट चालते. दाट ग्राफवर जोडण्यांची संख्या आवरत नाही. वक्रतेचा मार्ग आणि स्पेक्ट्रल अंतर (ग्राफ किती घट्ट जोडलेला आहे याचे एक माप) वाढवणारा एफओएसआर हा 2022 मधील मार्ग आम्ही वेगळा लिहून जोडला. जोडण्यांची यादी ही येथे दोन ओळींची साधी सारणी असल्यामुळे ते अवघड गेले नाही, आणि प्रणालीच्या रचनेतला हा साधेपणा मला तिचा सर्वात मोठा गुण वाटतो.

परंतु पाण्याच्या बाबतीत आडवाट जोडण्याला एक हरकत आहे. भरती मुखाशी चढली की लगेच गांज्याला चढत नाही. तिला वर जायला वेळ लागतो, आणि तो वेळ हीच माहिती असते. आग्वाद आणि गांजे एका पावलावर आणले की ती पुसली जाते. येथे 2023 मधील ड्रू या पद्धतीची कल्पना आम्हाला फार जवळची वाटली. तिच्यात पहिल्या थरात जवळचे शेजारी, दुसऱ्यात दोन पावलांवरचे, असे जसजसे थर पुढे जातात तसतसे दूरचे बिंदू जोडले जातात, आणि दूरच्या बिंदूची आत्ताची स्थिती न घेता काही थरांपूर्वीची घेण्याची सोयही असते. म्हणजे बातमी जितकी लांबची तितकी ती जुनी. मेसेजपासिंग या प्रणालीतील मूळ वर्गावर (क्लासवर) आधारून हा थर विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिला. निरोप कसा तयार करायचा, कसा गोळा करायचा आणि त्यावरून स्थिती कशी बदलायची, ही तीन कामे तेवढी सांगायची असतात, बाकीचे प्रणाली पाहते. वर जाणारी भरती आणि खाली येणारा पूर यांच्यासाठी दोन दिशांच्या जोडण्यांना वेगवेगळे प्रकार दिले तेव्हा तो थर आमच्या कामात सर्वांत विश्वासार्ह ठरला. ज्या शिक्षकांना आपल्या विद्यार्थ्यांनी तयार थर जोडण्यापलीकडे जावे असे वाटते, त्यांनी हा मेसेजपासिंग क्लास अवश्य शिकवावा.

स्वतःचे काम तपासण्यासाठी लाँग रेंज ग्राफ बेंचमार्क हा 2022 मधील पाच माहितीसंचांचा समूह प्रणालीतून थेट उतरवून घेता येतो. त्यातील पेप्टाइड संचांत 15,535 रेणू आहेत आणि प्रत्येकात सरासरी सुमारे 151 अणू आहेत. सरासरी व्यास (सर्वांत दूरच्या दोन बिंदूंमधले अंतर) 57 पावलांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ आमच्या नदीएवढा. सुरुवातीच्या निकालांत अटेन्शनवाले आराखडे साध्या नेटवर्कपेक्षा बरेच पुढे दिसत होते. 2023 मध्ये यान टोन्शॉफ आणि सहकाऱ्यांनी तीच साधी नेटवर्के नीट जुळवणी करून पुन्हा चालवली, तेव्हा ही तफावत बरीच कमी झाली आणि पेप्टाइड संचांवर ती उरलीच नाही. हा निष्कर्ष वाचून मी आमच्या जीसीएनकडे परत गेले. आधीच्या थराची स्थिती पुढे जोडणे, शेवटचा भाग थोडा खोल करणे आणि शिकण्याचा वेग काळजीपूर्वक निवडणे एवढ्याने ते आमच्या पहिल्या जीपीएस नेटवर्कच्या बरोबरीला आले. नवे साधन हाती आले की जुन्याला पुरेशी संधी न देण्याचा मोह होतो, आणि मलाही तो झाला होता.

नुसत्या अंतिम चुकीवरून दूरची बातमी पोहोचली की नाही हे कळत नाही, कारण नेटवर्क जवळच्या बिंदूंवरूनही बरे उत्तर देऊ शकते. गांज्याच्या उत्तरावर आग्वादच्या भरतीचा परिणाम किती, हे डेरिव्हेटिव्ह (एक आकडा किंचित बदलल्यास दुसरा किती बदलतो) काढून थेट मोजावे लागते. पायटॉर्चमध्ये ते चार-पाच ओळींत होते, आणि प्रणालीच्या अलीकडच्या आवृत्तीत पावलागणिक प्रभाव मोजणारे टोटल इन्फ्लुएन्स हे फंक्शनही आले आहे. त्याच्याबरोबर पॅरिस, शांघाय, लॉस एंजेलिस आणि लंडन या शहरांच्या रस्त्यांचे मोठे ग्राफही मिळतात. आम्ही प्रत्येक नेटवर्कसाठी प्रभावाचा हा आलेख काढून भिंतीवर लावतो. साध्या जीसीएनचा आलेख सातव्या-आठव्या पावलाला जमिनीला टेकतो, विलंबासह जोडलेल्या थराचा हळूहळू उतरत शेवटपर्यंत जातो. विद्यार्थ्यांना सिद्धांतापेक्षा हा आलेख लवकर पटतो.

उणिवांबद्दल बोलायचे तर सोबतची कागदपत्रे थर कसा बोलवायचा हे नीट सांगतात, पण कोणत्या दुखण्याला कोणता थर हे वाचकाला स्वतःच शोधावे लागते. दूरपल्ल्याची साधने रूपांतरे, थर, माहितीसंच अशा वेगवेगळ्या विभागांत विखुरलेली आहेत. बॅच न दिल्यास जीपीएसकॉन्व्हने निदान इशारा द्यावा, असेही मला मनापासून वाटते. मराठीत या विषयावर शिकवण्याजोगे साहित्य जवळजवळ नसल्याने आमच्या मुलांना सारे इंग्रजीतूनच समजून घ्यावे लागते, पण त्याचा दोष या प्रणालीकडे नाही.

ज्यांचे ग्राफ लहान आहेत आणि उत्तर दोन-तीन पावलांवरच्या शेजाऱ्यांवर ठरते, त्यांना यातले काहीच लागणार नाही, साधा थर पुरेल. ज्यांचा ग्राफ लांब आणि विरळ आहे, नदी, जलवाहिनी, वीजवाहिनी किंवा लोहमार्ग यांच्यासारखा, त्यांनी ही प्रणाली निःशंकपणे घ्यावी. आधी रोधाचा हिशेब करावा, नकाशात राहून गेलेल्या जोडण्या शोधाव्यात, नंतर साधे नेटवर्क नीट जुळवून पाहावे, आणि तरीही प्रभावाचा आलेख मध्येच टेकत असेल तेव्हाच अटेन्शनकडे जावे. मुक्त वापराची मुभा देणाऱ्या एमआयटी परवान्यामुळे महाविद्यालयाला एक रुपयाही मोजावा लागला नाही. आमचा खर्च झाला तो भाड्याच्या यंत्रावर, आणि वर सांगितलेला क्रम पहिल्यापासून पाळला असता तर तोही बहुतेक वाचला असता.

येत्या सत्रात जुवारीकडची बाजू पूर्ण करायची आहे. तिकडच्या खाड्यांच्या मुखाशी असलेल्या मानशी या एका दिशेनेच पाणी सोडणाऱ्या जोडण्या म्हणून मांडाव्यात, असे त्याच विद्यार्थिनीने सुचवले आहे, आणि तिने त्यासाठीचा थर लिहायलाही घेतला आहे.